घोडामैदान आणि घोड्याचं पोट

घोडा चहा पीत नाही, मिसळ खात नाही, महिनाअखेरीच्या काळजीने रात्र जागत नाही. मग त्याला अल्सर होतोच कशाने?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा प्रश्न गमतीचा वाटतो. घोडेवाल्यांना मात्र त्यात गंमत वाटत नाही. चंदी अर्धी टाकून उभा राहिलेला, तंग आवळताना चावायला धावणारा, कालपर्यंत तुकतुकीत असून आज निस्तेज दिसणारा घोडा त्यांच्या रोजच्या ओळखीचा असतो. त्याला ‘खोडील’ म्हणून मोकळं होणं सोपं असतं. खरं उत्तर त्याच्या पोटात असतं, आणि ते समजून घ्यायला कोलकात्याच्या फोर्ट विल्यमसारखी दुसरी जागा नाही.

१. किल्ला, मैदान आणि तीन घोडे

बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने १७५६ मध्ये कोलकात्यातला इंग्रजांचा जुना किल्ला घेतला. प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांच्या रॉबर्ट क्लाइव्हने १७५८ च्या सुमारास गोविंदपूर गावाच्या जागी नवा किल्ला बांधायला घेतला, तोच आजचा फोर्ट विल्यम. तटावरच्या तोफांना समोर अडथळा नको, म्हणून भोवतीचं रान साफ केलं गेलं. कोलकात्याचं आजचं ‘मैदान’ ते हेच. किल्ल्यात आता लष्कराच्या पूर्व विभागाचं मुख्यालय आहे. अलीकडे लष्कराने किल्ल्याला ‘विजय दुर्ग’ हे नाव दिलं, तेही आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून. दक्षिणेकडच्या सेंट जॉर्ज गेटचं ‘शिवाजी गेट’ झालं.

बंगालला मराठी घोडा काही नवा नाही. नागपूरकर भोसल्यांचे स्वार १७४२ मध्ये बंगालवर चालून गेले, तेव्हा त्यांच्या धास्तीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला गेला. तो ‘मराठा डिच’ म्हणून ओळखला गेला. आपल्या ‘बारगीर’ शब्दाचं तिकडे ‘बर्गी’ झालं आणि ते बंगाली अंगाईगीतातही शिरलं.

आज या मैदानावर आणि त्याच्या कडेला तीन तऱ्हेचे घोडे दिसतात. पहिला शर्यतीचा. दक्षिण टोकाच्या रेसकोर्सवर १८२० पासून शर्यती होतात आणि रॉयल कलकत्ता टर्फ क्लब १८४७ चा. दुसरा कोलकाता पोलिसांच्या घोडदळाचा. हे दल १८४० पासूनचं. तिसरा व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर गिऱ्हाइकाची वाट पाहणारा बग्गीचा घोडा. तिघांची पोटं सारखीच, पण पोटात काय आणि कधी जातं ते फार वेगळं. या प्रकरणात आपण तिघांना सोबत घेऊन चालू.

२. कधीच बंद न होणारा नळ

अन्न समोर आलं, वास आला, घास पोटात गेला, की आपल्या जठरात आम्लाचा जोर वाढतो आणि जेवण पचलं की ओसरतो. घोड्याचा नळ मात्र बंदच होत नाही. तो खात असो, उभा असो वा झोपलेला असो, जठरात आम्ल झिरपतच राहतं. मोठ्या घोड्यात हे प्रमाण तासाला साधारण दीड लिटर धरतात. म्हणजे दिवसरात्रीत छत्तीस लिटर.

निसर्गाने असं का केलं असेल? मोकळा घोडा दिवसातले सोळा-सतरा तास चरतो. दोन घास, दोन पावलं, पुन्हा दोन घास. अन्नच सतत येणार असेल तर नळ सतत चालू ठेवण्यात काही चूक नाही.

आता दुसरी बाजू. आम्लाला शांत करणारं सोड्यासारखं द्रव्य घोड्याच्या लाळेत असतं. चिंच नुसती आठवली तरी आपल्या तोंडाला पाणी सुटतं. घोड्याची लाळ अशी आठवणीवर सुटत नाही, चघळल्यावरच सुटते. दिवसभर चरणाऱ्या घोड्याच्या तोंडातून पस्तीस-चाळीस लिटर लाळ पोटात जाते. चघळणं थांबलं की लाळ थांबते. आम्ल थांबत नाही. या रोगाची सगळी मेख इथे आहे.

३. एका पोटाचे दोन मजले

साडेचारशे किलोच्या जनावराच्या मानाने घोड्याचं जठर लहान असतं. त्यात आठ ते पंधरा लिटर मावतं. आतून पाहिलं तर त्याचे दोन मजले दिसतात आणि मधे एक स्पष्ट कडा असते.

जुन्या घरातली मोरी आठवा. खाली घोटीव फरशी, वरच्या भिंतीला मातीचं लिंपण. पाणी फरशीवर साचलं तर बिघडत नाही, भिंतीवर उडालं तर लिंपण पोपडे धरतं. जठराचा खालचा भाग फरशीसारखा आहे. आम्ल तिथेच तयार होतं, पण तिथल्या ग्रंथी वर चिकट द्रवाचा थर धरून स्वतःला जपतात. वरचा सुमारे एक तृतीयांश भाग लिंपणासारखा. त्याचं अस्तर अन्ननलिकेसारखं असतं आणि आम्लापासून बचावाची सोय तिथे जवळजवळ नाहीच.

म्हणून घोड्याचा अल्सर एक नव्हे, दोन आजार आहेत. वरच्या भागातला व्रण हा बहुधा आम्ल नको तिथे पोचल्याचा परिणाम. खालच्या भागातला व्रण म्हणजे राखणदारच दुबळा पडला. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपचारही वेगळे. ही फोड मनात पक्की ठेवली तर पुढचं सोपं होईल.

४. चघळण्याचा हिशेब

आता पागेतला दिवस मांडून पाहू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा दाखवायला पुरेसे आहेत.

घोडा एक किलो वाळलं गवत साधारण चाळीस मिनिटं चघळतो. एक किलो दाणा दहा मिनिटांत संपवतो. समजा एखाद्या तबेल्यात रोज सहा किलो गवत आणि सहा किलो दाणा, तीन वेळांत विभागून मिळतो. गवताचे चार तास, दाण्याचा एक तास. चघळणं एकूण पाच तासांचं.

उरले एकोणीस तास. त्या वेळात लाळ जवळजवळ नाही आणि आम्ल मात्र तासाला दीड लिटर, म्हणजे अठ्ठावीस लिटरांच्या वर. वजनाने पाहिलं तर घोडा भरपेट जेवला. घड्याळाने पाहिलं तर तो बहुतेक दिवस उपाशी होता. रात्रीची चंदी संध्याकाळी सहाला आणि सकाळची पहाटे पाचला असेल, तर सर्वांत लांब उपास रात्रीच पडतो आणि तो कुणाच्या नजरेला येत नाही.

दाण्याचा आणखी एक दोष आहे. त्यातला स्टार्च जठरातच आंबू लागतो. त्यातून निघणारी आम्लं वरच्या नाजूक अस्तराला आणखी डिवचतात. म्हणजे दाणा लाळ कमी देतो आणि त्रास जास्त.

५. हंड्यातली डहाळी

घोडा दुडकी किंवा चौखूर धावू लागला की पोटाचे स्नायू आवळतात आणि जठर पिळलं जातं. खाली साचलेलं आम्ल वर चढतं आणि लिंपणावर उडतं. चालीने चालताना हे फारसं होत नाही, वेग घेतला की होतं.

शर्यतीच्या घोड्यात हे सगळं एकत्र येतं: भरपूर दाणा, कमी गवत, पहाटे उपाशीपोटी दौड आणि उरलेला दिवस बंद खोलीत. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये एकत्र मांडलेल्या आढाव्यात याचं मोजमाप आहे. शर्यतीच्या तयारीला न लावलेल्या थरोब्रेड घोड्यांत वरच्या भागातले व्रण सुमारे ३७ टक्क्यांना दिसतात. तयारी सुरू झाली की दोन-तीन महिन्यांत हे प्रमाण ८० ते १०० टक्क्यांवर जातं. घोडा तोच, जात तीच. बदलतो तो दिनक्रम.

पण यावर उपायही सोपा आहे. डोक्यावरच्या हंड्यातलं पाणी हिंदकळू नये म्हणून बायका त्यात डहाळी टाकायच्या. पोटातलं गवत त्या डहाळीचं काम करतं. त्याचा एक जाडसर थर आम्लावर तरंगतो आणि उसळी अडवतो. म्हणून खोगीर चढवण्याआधी वीस-तीस मिनिटं एक-दोन ओंजळी कुट्टी किंवा लसूणघास द्यावा. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असल्याने तो आम्ल थोडं सौम्यही करतो. उपाशीपोटी घोडा हलका पळतो ही जुनी समजूत आहे. दोन ओंजळींनी घोडा जड होत नाही.

६. बारगिराचा घोडा

मराठी फौजेत शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. हा फरक खालच्या भागातल्या व्रणाबाबत बोलताना उपयोगी पडतो.

खालच्या भागाची राखण का दुबळी पडते, हे वरच्या भागाइतकं स्वच्छ कळलेलं नाही. पण काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात. आठवड्यातले पाच किंवा जास्त दिवस काम असलेल्या घोड्यात हे व्रण जास्त दिसतात. हाताळणारी आणि स्वार होणारी माणसं बरीच असतील, रोज वेगळा हात असेल, तरीही धोका वाढतो. म्हणजे बारगिराचा घोडा. पोलिसी घोडदळ असो, घोडेस्वारीची शाळा असो वा माथेरानचा भाड्याचा घोडा, ‘माझं माणूस’ नसणं हे त्याच्यासाठी ओझं असतं. उपाय म्हणजे आठवड्यात निदान दोन दिवस विश्रांती आणि शक्यतो एकच मोतद्दार, एकच स्वार.

फेनिलब्युटाझोनसारखी वेदनाशामकंही ही राखण मोडू शकतात. लंगड्या घोड्याला डॉक्टरांना न विचारता दिवसेंदिवस गोळ्या चालू ठेवल्या, तर पाय बरा होता होता पोट बिघडतं.

इथे वाचक विचारतील, माणसाचा अल्सर जिवाणूमुळे होतो ना? बरोबर. हेलिकोबॅक्टर जिवाणूचा तो शोध लावल्याबद्दल बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. घोड्यात मात्र असा एक जिवाणू गुन्हेगार म्हणून सिद्ध झालेला नाही. म्हणून माणसाचं औषधपत्र घोड्याला जसंच्या तसं लागू पडत नाही.

७. ओळखायचं कसं?

घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे आतली जळजळ बाहेर दिसत नाही. दिसतात त्या बारीकसारीक खुणा:

• दाणा टाकतो, पण गवत खातो.
• खाल्ल्यानंतर अस्वस्थ होतो, कुशीकडे वळून पाहतो.
• वजन उतरतं, केस राठ होतात. खरारा करूनही चकाकी येत नाही.
• तंग आवळताना कान पाडतो, चावायला येतो.
• काम नेहमीचंच, पण लवकर थकतो.

शिंगराच्या खुणा वेगळ्या असतात. ते दात खातं, लाळ गाळतं, पाठीवर उताणं पडून राहतं. तिथे दिरंगाई महागात पडते. पण यातली एकही खूण पक्की नाही. कित्येक घोड्यांत व्रण असूनही काहीच दिसत नाही, आणि तंग आवळताना चिडणाऱ्या घोड्याची पाठही दुखत असू शकते.

खात्रीचा मार्ग एकच, आत डोकावून पाहणं. सुमारे तीन मीटर लांबीची दुर्बिणीची नळी नाकातून जठरापर्यंत नेतात. त्याआधी घोड्याला बारा ते सोळा तास उपाशी ठेवावं लागतं, नाहीतर गवताखाली काही दिसत नाही. वरच्या भागातल्या व्रणांना ० ते ४ अशी श्रेणी देतात. शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे खोल आणि पसरलेले. रक्त तपासून छातीठोक सांगता येईल अशी चाचणी नाही.

एक इशारा: घोडा जोरजोरात लोळत असेल, घामाने निथळत असेल, लीद बंद असेल, तर ‘अल्सर असेल’ म्हणत थांबू नका. तो पोटशूळ जिवावरचा असू शकतो. डॉक्टरांना लगेच बोलवा.

८. औषध आणि नव्वद कॅप्सुलांचं गणित

मुख्य औषध आपल्या ओळखीचं आहे, ओमेप्राझोल. ते आम्ल तयार करणाऱ्या पेशींचा पंपच बंद करतं. ‘मग घरातलीच एक गोळी देऊ’ असं मनात आलं तर हिशेब करा.

घोड्याची नेहमीची उपचाराची मात्रा दर किलो वजनाला ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. घोडा ४५० किलोचा. ४५० गुणिले ४, म्हणजे १,८०० मिलिग्रॅम. आपली कॅप्सूल २० मिलिग्रॅमची. म्हणजे रोज नव्वद कॅप्सुला! आणि तेवढ्या दिल्या तरी घोडा त्या चावणार, आतल्या दाण्यांचं कवच फुटणार आणि उघडं पडलेलं औषध जठरातल्या आम्लातच नासणार. म्हणून घोड्यासाठी आम्लापासून जपलेली, वेगळी बनवलेली पेस्ट किंवा दाणे असतात. ते रिकाम्या पोटी, बहुधा सकाळी, खाण्याआधी अर्धा ते एक तास देतात. वजन, मात्रा आणि काळ डॉक्टरांनीच ठरवायचा.

साधारण चार आठवडे औषध दिल्यावर वरच्या भागातले व्रण सत्तर-ऐंशी टक्के घोड्यांत भरून येतात. खालच्या भागात फक्त ओमेप्राझोल दिलं तर हे यश पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहतं. म्हणून तिथे व्रणावर लेप धरणारं सुक्राल्फेट जोडीला देतात आणि उपचार लांबतो. दोन मजल्यांची फोड इथे कामाला येते. कुठल्या मजल्यावर व्रण आहे हे न पाहता औषध देणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं.

खाण्याचा सोडा किंवा आम्लशामक पातळ औषधं? नळ चालूच असल्याने त्यांचा असर फार तर दोनेक तास टिकतो. शर्यतीच्या घोड्याबाबत आणखी एक पथ्य आहे. औषध शर्यतीआधी किती दिवस थांबवायचं याचे टर्फ क्लबांचे नियम असतात, ते आधी विचारावेत. आणि औषध अचानक तोडलं तर आम्ल उलट उसळू शकतं, म्हणून बंद कसं करायचं हेही डॉक्टरांकडूनच घ्यावं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे औषधाने व्रण भरतो, दिनक्रम बदलत नाही. एकोणीस तासांचा उपास तसाच राहिला तर व्रण परत येतो.

९. चंदीची वाटणी

प्रतिबंधाचे नियम थोडे आहेत. आपल्या ४५० किलोच्या घोड्यावर ते मांडून पाहू.

गवत किती? रोज वजनाच्या निदान दीड टक्का कोरडा चारा. म्हणजे पावणेसात किलो. वाळल्या गवतातही थोडं पाणी असतं, म्हणून प्रत्यक्षात साडेसात किलो. हिरव्या गवतात पाचातले चार भाग पाणीच असतं, तेव्हा तेवढ्यासाठी चौतीस किलो लागेल. केवळ पेंढ्यावर घोडा ठेवू नये, त्याने धोका वाढतो.

दाणा किती? स्टार्च दिवसाला किलोमागे २ ग्रॅमच्या आत, एका वेळी १ ग्रॅमच्या आत. म्हणजे एका वेळी ४५० ग्रॅम. ओट्समध्ये स्टार्च साधारण चाळीस टक्के धरला, तर एका वेळी किलोभरापेक्षा थोडंच जास्त. मक्यात तो जास्त असतो, म्हणून माप आणखी लहान. जास्त ताकद हवी असेल तर थोडं तेल आणि लसूणघास वाढवावा, दाण्याचे ढीग नकोत.

खंड किती? चाऱ्याशिवाय सहा तासांहून जास्त वेळ जाऊ देऊ नये. तेवढंच गवत बारीक जाळीच्या पिशवीत दिलं तर घोडा ते सावकाश ओढत खातो आणि चघळण्याचे तास वाढतात.

पाणी? सतत समोर.

आता आपल्या तीन घोड्यांकडे वळू. शर्यतीच्या घोड्याला दौडीआधीची ओंजळ आणि रात्रीचं गवत हवं. पोलिसी घोड्याला ओळखीचा हात आणि सुट्टीचे दिवस. बग्गीच्या घोड्याची दौड कमी, पण दोन गिऱ्हाइकांमधला रिकामा वेळ मोठा. तिथे तोबऱ्यात दाण्याऐवजी कुट्टी टाकली तरी बरंच साधतं. माथेरानच्या नाक्यावरचा आणि लग्नाच्या वरातीतला घोडाही याच रांगेतला. धनगरांचं भीमथडी तट्टू कळपामागे चालता चालता दिवसभर चरत जातं. त्याला हा धडा कुणी शिकवावा लागत नाही.

१०. हलवर्णचं पत्र

शिवाजी महाराजांचं एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणजवळ हलवर्णला पागेची छावणी पडली होती, पावसाळा तोंडावर होता. पत्रात जुमलेदार-हवालदारांना ताकीद आहे: साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच मन मानेल तशी उधळाल, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. म्हणून रोजच्या मापाने, शेवटपर्यंत पुरेल असं वाटून द्या.

त्या काळी घोड्याच्या जठराचे दोन मजले कुणी पाहिले नव्हते. पण चारा किती आहे यापेक्षा तो कुठवर पुरतो हे मोलाचं, ही समज त्या पत्रात आहे. आणि जनावर उपाशी राहिलं तर दोष जनावराचा नसतो, हेही त्यात स्पष्ट आहे.

मराठीत कसोटीची वेळ आली की म्हणतात, घोडामैदान जवळच आहे. घोड्याच्या पोटाची कसोटी मैदानावर लागत नाही, ती रात्री पागेत लागते. पत्रातला हिशेब चार महिन्यांचा होता, आपल्याला चोवीस तासांचा करायचा आहे. रात्री तबेल्यातून निघताना गव्हाणीत एकदा हात घालून पाहा. पहाटेपर्यंत पुरेल इतकं गवत हाताला लागलं पाहिजे.